शेजारणीला विचारा

“तिला काय विचारता? तिच्या शेजारणीला विचारा!”

नानीबाईचा आवाज असा होता, की होळीच्या ढोलालाही त्याला वाट द्यावी लागे. संध्याने तो पहिल्यांदा ऐकला तेव्हा ती सात-आठ वर्षांची असेल. आता त्रेचाळिसाव्या वर्षीही दुपारच्या डुलकीत तो कानाशी आला की ती दचकून उठते. अक्राणीच्या डोंगरात त्यांचं गाव. होळी पेटली की गावातल्या पंचवीस-तीस बाया एकमेकींच्या कमरेमागून हात घालून साखळी करत आणि आगीभोवती फिरत. तोंडं आगीकडे, पाठी जगाकडे. बघायला असं कुणी नसायचंच. ज्याला पाय होते तो नाचत होता. नानीबाई साखळीच्या टोकाला. एखादीचं पाऊल मागे पडू लागलं तर नानीबाई त्या बाईला कधी विचारायची नाही, दमलीस का म्हणून. नाचणारी खरं बोलत नाही, तिला थांबायचं नसतं. विचारायचं शेजारणीला, कारण शेजारणीचा हात तिच्या कमरेवर असतो आणि त्या हाताला सगळं कळतं. श्वास कुठे अडतोय, भार कुठल्या पायावर आहे, कुठला पाय नुसता ओढला जातोय. शेजारीण म्हणाली ‘काढा’, की ती बाई बाहेर. दोन्हीकडच्या बाया सरकून जागा बुजवून टाकत, ओंजळभर पाणी काढल्यावर नदी बुजवते तशी. लाज नाही, रुसवा नाही. बाहेर पडलेली बाई दगडावर बसून पाणी पिई, पण गाणं सोडत नसे.

शेजारणीने खरं सांगायचं, एवढ्याच आधारावर तो नाच उभा होता. आणि संध्या एकदा खोटं बोलली होती.

आज रविवारी दुपारी भाविकाच्या हॉलमध्ये टीव्हीसमोर बसल्या बसल्या तिला हे आठवत होतं. नंदुरबारच्या बाहेरच्या अंगाला ही कॉलनी, आणि कॉलनीच्या पलीकडे वाळत घातलेल्या मिरचीच्या पथाऱ्या. डिसेंबरात वारा तिकडून फिरला की घराघरांत ठसका लागतो, डोळे वाहतात. त्यामुळे या कॉलनीत कुणी डोळे पुसताना दिसलं तर कुणी कारण विचारत नाही. संध्याला हे गाव आवडायचं त्याचं हेही एक कारण होतं. ती सरकारी दवाखान्यात परिचारिका, भाविकाच्या वरच्या मजल्यावर भाड्याने राहणारी, एकटी.

मालिका भाविकाने शोधून काढली होती. परदेशी, पण हिंदीत डब केलेली. बर्फाच्या कुठल्याशा शहरातली बॅले शिकवणारी शाळा, तिथला हातात काठी घेऊन फिरणारा म्हातारा गुरू, आणि त्याच्या हाताखाली झिजणाऱ्या पोरी. भाविका कॉलनीतल्या मुलींना गरबा आणि लोकनृत्य शिकवायची. तिला वाटलं, आपल्या क्लासला काही शिकता येईल. म्हणून दर रविवारी दोन भाग, सगळ्यांनी मिळून. पहिल्या रविवारी अकरा जणी होत्या. तिसऱ्या भागात एका मुलीने आरशावर डोकं आपटलं, आणि पुढच्या रविवारी पाच जणी उरल्या. आज शेवटचे दोन भाग.

“भाविका, आवाज कमी कर वं माय,” रंजनाबाई म्हणाल्या. “मन्हं काळीज धडधडी ऱ्हायनं.” रंजनाबाई धानोऱ्याच्या, बोलत अहिराणीच. मुलाने बंगला बांधला म्हणून शहरात आलेल्या, आणि शहरावर अजून रुसलेल्या. दर रविवारी मालिकेला शिव्या द्यायच्या आणि दर रविवारी सगळ्यांत आधी येऊन पंख्याखालची जागा धरायच्या.

“काकू, ते संगीत आहे. ते तसंच धडधडायला हवं.”

“ते संगीत शे? माले वाटनं मिक्सरमा चमचा ऱ्हाई गया.”

सगळे हसले. रतिलाल सरही हसले. सर म्हणजे भाविकाचे सासरे, वय पंच्याहत्तर, पांढरा लेंगा, पांढरा सदरा, पाठ अजून छडीसारखी. आयुष्य डोंगरातल्या एका आश्रमशाळेत गेलं. शिकवायचे इतिहास, पण नाव झालं ते मुलींच्या नृत्यपथकाने. त्या पथकात संध्या होती. ममताही होती.

ममता खाली सतरंजीवर बसली होती, डावा पाय सरळ लांब करून. तो तिला दुमडताच येत नाही. तिच्या मांडीवर लाल लुगड्यांचा ढीग होता, आणि ती एकेका काठाला कवड्या टाकत होती. मंगळवारी भाविकाच्या पथकाला नाशिकला जायचं होतं, विभागाच्या युवा महोत्सवासाठी. जिल्ह्यात त्यांचा पहिला नंबर आला होता. नाच तोच, होळीचा, डोंगरातला. पथक भाविकाचं, मार्गदर्शन सरांचं, कपडे ममताच्या मशीनवरचे. आणि मधल्या जागेवर ममताची मुलगी, पंधरा वर्षांची भूमिका.

“एवढासा तो झगा,” ममता टीव्हीकडे बघत म्हणाली, “माझ्या मशीनला यात कामच काय? सुई घातली न घातली तोच संपला.”

“त्याला टूटू म्हणतात,” भाविका म्हणाली.

“नाव बी कपडाइतलंच शे,” रंजनाबाई.

पडद्यावर वेरा नावाची मुलगी बूट बांधत होती. आधीच्या भागात तिच्या पायाचं हाड मोडलं होतं. गुरूला माहीत नव्हतं. माहीत होतं फक्त तिच्या खोलीत राहणाऱ्या दुसऱ्या मुलीला. आणि ती दुसरी गप्प होती. वेरा मंचावर आली. नाचली. कॅमेरा तिच्या चेहऱ्यावर नव्हताच; तो खाली, बुटाच्या टोकावर होता. पांढऱ्या साटिनमधून लाल रंग हळूहळू वर येत होता, रानात एखादं झाड एका रात्रीत फुलावं तसा. वर प्रेक्षक उभे राहून टाळ्या वाजवत होते. म्हातारा गुरू अंधारात रडत होता. वेराने कमरेत वाकून नमस्कार केला आणि पडदा पडला.

मग रतिलाल सरांनी चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकाला पुसला.

“वा,” ते म्हणाले. “याला म्हणतात कला.”

“कसानी कला?” रंजनाबाई जाग्यावरच उसळल्या. “पोरगीना पाय मोडना, ती रगत सांडी ऱ्हायनी, नि तो म्हातारा रडी ऱ्हायना! अरे, रडाना ऐवजी डॉक्टरले बलाव ना!”

“काकू, ते प्रतीक आहे,” भाविका म्हणाली. “म्हणजे बघा, पांढऱ्यावर लाल. त्या एका शॉटसाठी त्यांनी सगळा भाग पांढरा ठेवला. भिंती पांढऱ्या, बर्फ पांढरा, दूधसुद्धा. मला तर काटा आला अंगावर. मला फक्त एवढंच वाटतं, की हे जरा जास्तच सुंदर केलंय. दुखणं इतकं सुंदर दिसायला नको.”

“का नको?” सर म्हणाले. “दुखणं कुरूप दाखवायचं तर त्याला मालिका कशाला? दवाखान्यात जाऊन बसावं. विचारा आमच्या संध्याला. कलावंत दुखण्याचं काय करतो, हा प्रश्न आहे. सामान्य माणूस ओरडतो. कलावंत ते पायाखाली घेतो आणि त्याच्यावर उभा राहतो.”

“तुम्हले काय, मास्तर. तुम्ही छडीले बी कला म्हनशात. आमना घरमा म्हैस लंगडाले लागनी तरी आम्ही तिले दोन दिन बांधी ठेवतस. आठे मानूसनी पोर शे!”

“म्हैस नाचत नाही, रंजनाबाई.”

“म्हनीसन शहाणी शे ती.”

भाविका हसता हसता चहा टाकायला उठली. संध्याही हसली, पण तिचे डोळे भूमिकाकडे होते. भूमिका भिंतीला टेकून बसली होती, एक पाय उशीवर, मोजा घातलेला. घरात सगळ्यांचे पाय उघडे आणि हिच्या एकाच पायात मोजा. शुक्रवारी गच्चीवर सराव करताना ती अडखळली होती, असं संध्याने ऐकलं होतं. काल जिना चढताना पोर कठडा दोन्ही हातांनी धरत होती.

“मन्हा एक सवाल शे,” रंजनाबाई म्हणाल्या. त्या आता पुढे सरकून बसल्या होत्या. शिव्या देता देता मालिका त्यांच्या पोटात कधीच उतरली होती. “ती दुसरी पोर, खोलीमा राहे ती, तिले ठाऊक व्हतं ना? मंग ती का बरं बोलनी नही? त्या म्हाताराले काय नाव ठेवानं, तो तं शेच तसा. मन्हा राग तिना वर शे. बाजूमा झोपस, नि बोलत नही!”

संध्याने ओढणीचं टोक नाकाला लावलं. वारा पथाऱ्यांकडून फिरला होता.

“तेच तर लेखकाचं कसब,” सर म्हणाले. “ती गप्प राहिली म्हणून नाच झाला. ती बोलली असती तर गोष्ट तिथेच संपली असती.”

“संपी जाती तं संपी जाती! पोरगीना पाय तं वाचता!”

“आणि आपण काय पाहिलं असतं मग?”

सरांनी विजयाने चष्मा डोळ्यांवर चढवला आणि हात ममताकडे केला.

“लांब कशाला जाता? ही बसलीय ना इथे. आमची वेरा. एकोणतीस वर्षांपूर्वी दिल्लीला, एवढ्या मोठ्या मैदानात, हजारो लोकांसमोर ही पोरगी मोडलेल्या पायाने नाचली. आणि कुणाला सांगितलं? कुणालाही नाही. मला नाही, तिच्या मैत्रिणीला नाही. आठव्या दिवशी गावी परत आल्यावर कळलं, हाड मोडलंय म्हणून. मी आयुष्यात शेकडो मुली नाचवल्या; कलावंत म्हणावी अशी ही एकच.”

ममताने दाताने दोरा तोडला. तिच्या चेहऱ्यावर जे आलं ते संध्याने गेली कित्येक वर्षं पाहिलं होतं. अंगणात ऊन यावं तसं ते येई आणि चेहरा चार-पाच वर्षांनी लहान होई. नवरा सुरतेला गेला आणि तिकडेच राहिला, पाय वाकडा जुळला, डोंगर चढवेना म्हणून गाव सुटलं, दिवसाचे दहा तास एकाच पायाने मशीन चालवायची. या सगळ्यात ममताजवळ मिरवायला ही एकच गोष्ट होती. कॉलनीत तिला त्या गोष्टीने ओळखत. नवी बाई ब्लाउज शिवायला आली की आधी पायाकडे बघे, मग कुणीतरी हळूच सांगे, आणि मग त्या बाईच्या नजरेतली कीव जाऊन तिथे आदर येई.

गोष्ट खोटी होती. ममताने सांगितलं होतं. रडून रडून सांगितलं होतं.

दिल्लीत ज्या इमारतीत त्यांना उतरवलं होतं तिच्या ओल्या पायऱ्यांवरून ती घसरली. पाय भोपळ्यासारखा सुजला. सकाळी तिने सरांना सांगितलं, सर, मला उभं राहवत नाही. सर तेव्हा पंचेचाळीस-सेहेचाळीसचे. त्यांनी डोंगरातला गोल नाच सोडवून सरळ रेषेत उभा केला होता, कारण पाहुण्यांकडे पाठ करायची नाही. पंचवीस-तीस बायांच्या जागी नऊ मुली ठेवल्या होत्या, आणि त्या नऊ जणींत एक मधली जागा निर्माण केली होती. गोलाला मधली जागा नसते, रेषेला असते. ती जागा त्यांनी ममताला दिली, संध्याला तिच्या शेजारी ठेवलं. संध्याला ते वर्षभर खुपत होतं. सर वाईट नव्हते. ते गोंधळले होते. नऊ जणींतली एक कमी झाली तर रेष मोडणार, कार्यक्रमातून नाव जाणार. म्हणून त्यांनी संध्याला व्हरांड्यात बोलावलं आणि म्हणाले, “तुमच्यात शेजारणीला विचारायची रीत आहे ना? मग तू सांग, पोरी. खरंच दुखतंय तिला, की घाबरलीय?”

चौदा वर्षांची संध्या म्हणाली, “लाड करून घेतेय, सर.”

चार शब्द. सरांना हवे तेवढेच. पुढे सर ते विसरले. खरंच विसरले, की विसरणं त्यांना सोयीचं वाटलं, हे संध्याने कधी शोधलं नाही. गावी आल्यावर हाड मोडल्याचं कळलं तेव्हा सर सुन्न झाले आणि मग हळूहळू म्हणू लागले, सांगायचं नाही का पोरी. नंतर म्हणू लागले, तिने सांगितलंच नाही. आणि एका वर्षी शाळेच्या गॅदरिंगमध्ये मंचावरून म्हणाले, तिने कलेसाठी सांगितलं नाही. त्या दिवशी टाळ्या पडल्या. टाळ्यांत उभी राहून ममतासुद्धा हसली, आणि त्यानंतर तिनेही कधी म्हटलं नाही की मी सांगितलं होतं. जिचं कुणी ऐकलं नाही अशी पोर होण्यापेक्षा जिने सांगितलं नाही अशी पोर होणं तिला बरं वाटलं असावं. संध्याने मात्र परिचर्येचा कोर्स केला, हाडांच्या वॉर्डात बदली मागून घेतली, ममताला शहरात आणलं, खोली बघून दिली, दर हिवाळ्यात तिच्या पायाला तेल लावून दिलं. सगळं केलं. एक सोडून.

“नाना, चहा.” भाविकाने सासऱ्यांपुढे ट्रे ठेवला. “भूमिका, ऊठ गं, चहा झाल्यावर एकदा वर गच्चीवर करून बघू. मधली गिरकी परवा नीट बसली नव्हती.”

भूमिका उठली नाही.

“काय झालं?”

“मॅडम, माझा पाय दुखतोय.”

“शुक्रवारचा? अजून?”

“जास्तच दुखतोय. टेकवत नाही.” पोर आईकडे न बघता बोलत होती. “मी नाशिकला नाही येत. माझ्या जागी दुसरं कुणी घ्या.”

“दुसरं कुणी?” भाविकाच्या हातातला कप तसाच राहिला. “परवा जायचंय, भूमी! मधली जागा आहे तुझी. ऐनवेळी कुणाला उभं करू मी?”

“जरा मोजा काढ बघू,” संध्या म्हणाली आणि खाली बसली.

मोजा काढला. पायाच्या बाहेरच्या अंगाला, करंगळीच्या मागे, जांभळट सूज होती. संध्याने अंगठ्याने हलकंच दाबलं. पोरीने ओठ आत ओढून घेतला, पण आवाज केला नाही. हाताला कळायचं ते कळलं.

“मुरगळलाय ना नुसता?” भाविका घाईने म्हणाली. “तू बांधून दे घट्ट, ताई. सात मिनिटांचा तर नाच आहे.”

“एक्स-रे काढावा लागेल. मला बरं वाटत नाही हे. उद्या सकाळी माझ्याबरोबर दवाखान्यात पाठव.”

“आणि डॉक्टरांनी सांगितलं प्लास्टर, तर?”

“तर प्लास्टर.”

“घ्या!” रंजनाबाई म्हणाल्या. “सिरीयल टीव्हीमाईन बाहेर उनी.”

सरांनी घसा साफ केला. त्यांचा आवाज मऊ होता, शिकवताना असायचा तसा. “भूमिका, इकडे बघ, बेटा. दुखतंय हे खरंच असेल. पण प्रत्येक दुखणं सांगायचं नसतं. तू कुणाची मुलगी आहेस?”

भूमिकाने मान खाली घातली.

आणि मग ममताने मांडीवरचं लुगडं बाजूला ठेवलं. सुई काठात खोचली. संध्याला वाटलं, आता ही उठेल, पोरीला पोटाशी घेईल. ममता म्हणाली, “सर बरोबर बोलतात, भूमी.”

“आई, मला खरंच...”

“दुखतंच गं. कुणाला दुखत नाही? माझं हाड मोडलं होतं. तेव्हा कुठला एक्स-रे नि कुठलं काय! मी नाचलेच ना? दोनदा नाचले, एकदा सकाळी, एकदा संध्याकाळी. मेले का? हे बघ, सात मिनिटं. ती सात मिनिटं आयुष्यभर पुरतात. तुझ्या आईकडे दुसरं काय आहे, सांग?” ती हे हसून बोलत होती, आणि तेच ऐकवत नव्हतं. “विचार ना मावशीला. ती शेजारीच होती. तिने माझ्या कमरेला असा विळखा घातला होता, पडूच दिलं नाही मला. सांग गं, संध्या. सांग हिला, मी कशी नाचले ते.”

सगळे संध्याकडे बघू लागले. टीव्हीवर नावं वर वर सरकत होती, परदेशी अक्षरांत, कुणी वाचत नव्हतं.

संध्याच्या हातात भूमिकाचा पाय अजून तसाच होता. गरम, जड, पोरीच्या नाडीबरोबर ठणकणारा. परिचारिका म्हणून बोलायचं ते बोलून झालं होतं आणि कुणी ऐकलं नव्हतं. ऐकणार तरी का? एक्स-रेपुढे दिल्लीची गोष्ट उभी होती आणि ती गोष्ट जास्त सुंदर होती. ती मोडायची तर ममताचं उरलंसुरलं मोडायचं. न मोडावी तर हा पाय. संध्याला वाटलं, रंजनाबाईंनी काही तरी बोलावं, एखादा टोमणा, वेळ जाईल. रंजनाबाई नुसत्या संध्याच्या चेहऱ्याकडे बघत होत्या, मघाशी टीव्हीकडे बघत होत्या तशा.

“सांग ना,” ममता म्हणाली. या वेळी पावरीत म्हणाली, त्या दोघींच्या बोलीत.

संध्याही पावरीतच सुरू करणार होती. मग तिने ठरवलं, नको. सगळ्यांना कळायला हवं. सरांनाही. तिने मराठीतच सांगितलं, दवाखान्यात नातेवाइकांना सांगते तसं, सावकाश, एकेक वाक्य सुटं करून.

“ममताने सांगितलं होतं, भूमिका. तुझ्या आईने सकाळीच सांगितलं होतं, उभं राहवत नाही म्हणून. सरांनी मला विचारलं. मी म्हटलं, लाड करून घेतेय. सर, तुम्ही विसरलात. मी नाही विसरले.”

“संध्या,” सर म्हणाले. “हे काय... असं काही...” त्यांनी चष्मा काढला, आणि या वेळी तो पुसला नाही, नुसता हातात धरला.

भाविका सासऱ्यांकडे बघत राहिली. ममताच्या चेहऱ्यावरचं हसू अजून गेलं नव्हतं. ते तिथेच होतं, विसरलेल्या टाक्यासारखं. “बरं मग?” ती म्हणाली. “लहान होतो आपण. तू म्हणालीस काहीतरी. पण नाचताना तर तूच धरलंस ना मला? ते तर खरं आहे ना? तू हात सोडला असतास तर मी पडले असते.”

आता थांबता आलं असतं. हे एवढंच राहू दे, असं ममताच सांगत होती, हात पसरून. संध्याने भूमिकाचा पाय उशीवर ठेवला, मोजा त्याच्याशेजारी ठेवला, आणि ममताकडे तोंड केलं.

“तू पडणार नव्हतीस, ममता. तू बाहेर निघणार होतीस. दुसऱ्या फेरीला तू माझ्या कानात म्हणालीस, सोड, मला बाहेर जाऊ दे. मला ऐकू आलं. तू माझा हात काढायला लागलीस, तुझी नखं लागली मला. भार तुझ्या एकाच पायावर होता, दुसरा हाताखाली लटलट कापत होता, सगळं कळत होतं मला. तू निघाली असतीस तर रेष तुटली असती आणि सरांनी नाच तिथेच थांबवला असता. म्हणून मी तुझ्या लुगड्याचा काचा मुठीत पकडला आणि तुला ओढत नेलं. पाच मिनिटं. संध्याकाळी पुन्हा. तू रडत होतीस आणि लोकांना वाटलं हसतेयस.”

ममताचा हात मांडीवर सुई शोधत होता.

“मला नाचायचं होतं,” संध्या म्हणाली.